फटीतलं पाणी

नदीकाठी वाढलेल्या माणसानं नदीबद्दल हळवं होऊन बोलावं, अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडून ती पुरी होत नाही. आम्ही भोई. कृष्णा ही आमच्या घरच्यांची कामाची जागा होती आणि कामाच्या जागेबद्दल माणसं जसं बोलतात तसंच आम्ही तिच्याबद्दल बोलायचो. आज पाणी उतरलं, आज जाळं फाटलं, आज काही मिळालं नाही. सातारा सोडून नदी कराडकडे निघाली की वाटेत एका वळणावर आमची वस्ती होती. घरं मोजकीच आणि सगळी एकमेकांच्या नात्यातली.

नदीवर हद्दी होत्या. त्या कागदावर कुठंच नव्हत्या आणि म्हणूनच कुणी मोडत नसे. वरच्या जांभळीपासून काळ्या खडकापर्यंतचं पाणी आमचं. खडकाच्या खालचं, पुढच्या गावच्या घाटापर्यंतचं, माझ्या मामाच्या वस्तीचं. आमचं जाळं वाहत खडकाखाली गेलं तर ते आणायला जायची मुभा होती, पण त्यातला मासा तिथंच सोडून यायचा. माझी आई खडकाच्या खालून लग्न होऊन वर आली होती. आबा, म्हणजे माझे वडील, तिच्यावर चिडले की तिला ‘खालची’ म्हणायचे. ती मुळीच मनावर घेत नसे.

साठीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्या काळ्या खडकावर पक्का बंधारा घालायचं ठरलं. काठच्या उसाला पाणी हवं होतं आणि खडकामुळे पाया आयता मिळत होता. उसवाले खूश होते, त्यांनी पेढे वाटले, आमच्याही वस्तीवर पाठवले. आबांनी पेढा खाल्ला आणि मग विचारलं की भिंत किती उंच येणार. ज्यानं पेढे आणले होते त्यानं हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला.

पावसाळ्यात नदी तांबडी होऊन वाहायला लागली की मासे अंडी घालायला खालून वर येतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. आमच्या वस्तीचं सगळं वर्ष त्या तांबड्या पाण्यावर निघायचं. भिंत आडवी आली की मासा खाली अडणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. वस्तीतले काही जण आधीच कोयनेच्या धरणावर कामाला गेले होते. आबाही एकदा निघाले, पाटणपर्यंत पोहोचले आणि त्याच एस.टी.नं परत आले. शेतातल्या मजुरीचीही तीच गत. एक दिवस गेले की मुकादम दुसऱ्या दिवशी बोलवत नसे. पाण्यात असेतोवर त्यांच्यासारखा माणूस नव्हता, काठावर आले की त्यांना काही म्हणता काही जमत नसे. मी सुट्टीला घरी आलो तेव्हा ते मला म्हणाले, “मासं वर आलं तर ऱ्हायचं. न्हाई तर घर मोडायचं.” घर मोडून कुठं जायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मी तेव्हा सांगलीला एका कॉलेजातल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. वस्तीतला पहिला बी.एस्सी. त्यामुळे वस्तीला वाटे की याला सगळं कळतं आणि प्रयोगशाळेला वाटे की याला काहीच कळत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, मूळचे पुण्याचे. बोलायला फटकळ, पण कामाला बसले की जेवणाचंही भान नसायचं. योग असा की त्याच बंधाऱ्याची छोटी प्रतिकृती आमच्याकडे तपासायला आली. भिंतीवरून पडणाऱ्या पाण्यानं खालचा खडक किती उकरला जाईल, एवढंच सरांना पाहायचं होतं. मी धीर करून माशांचं सांगितलं. सर म्हणाले की मासे सरकारकडे अर्ज करत नाहीत, म्हणून त्यांचा विचार होत नाही. मला राग आला, पण नोकरी नवी होती.

पुढच्या आठवड्यात त्यांनीच मला हाक मारली. भिंतीच्या एका अंगाला उतरती फट ठेवता येईल, म्हणाले, बंधाऱ्याचं काम बघणारे साताऱ्याचे साहेब ओळखीचे आहेत, ते ऐकतील. पण उतारावरून येणारं फटीतलं पाणी सुसाट असणार. मासा त्यातून वर चढू शकतो हे साहेबांना डोळ्यांनी दाखवता आलं पाहिजे. आकडे साहेबांनाही काढता येतात, मासा मात्र मी आणायचा. असं म्हणून त्यांनी मला कामाला लावलं आणि त्या दिवसापासून माझ्या घराचं काय होणार हे त्या प्रयोगशाळेतल्या एका पन्हळीवर येऊन ठेपलं.

पन्हळ लांब होती, लाकडी, दोन्ही बाजूंना काच. एका टोकाकडून पंपानं पाणी सोडायचं, हवं तितकं वेगात. वेग मोजायला काचेची वाकडी नळी असायची. तिचं तोंड प्रवाहाकडे करून धरली की पाणी नळीत वर चढतं. वेग जास्त तर चढही जास्त. ही नळी आम्ही खांबांभोवती, भिंतींभोवती, दारांभोवती धरलेली होती. माशाभोवती कुणी धरली नव्हती. का धरली नव्हती ते पहिल्याच दिवशी कळलं. खांब पळून जात नाही.

मासे मामानं दिले. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, खालच्या वस्तीचा कारभारी, हसरा, हाताचा सढळ आणि लबाड. तिन्ही गुण एकाच माणसात गुण्यागोविंदानं नांदत होते. त्यानं वीतभर लांबीच्या कोळशी पकडून पाण्याच्या घागरीत घालून दिल्या. कोळशी हा आमच्याकडचा साधा मासा, पण प्रवाहाला चांगला भिडणारा. घागर मांडीवर घेऊन मी एस.टी.नं सांगलीला आलो. अर्ध्या वाटेवर पँट भिजली आणि शेजारच्या बाईनं नाक मुरडून जागा बदलली. कंडक्टरनं घागरीत डोकावून पाहिलं आणि मासे खायचे की पाळायचे, असं विचारलं. मोजायचे, असं मी म्हटल्यावर तो पुढच्या सीटकडे वळला.

मासा ठरलेल्या जागी पोहत राहिला तर त्याच्याभोवतीचं पाणी कसं वाहतं ते दिसणार होतं. नळी जवळ नेली की तो पळायचा. मग मी विचार केला की पाण्यावर काहीतरी हलकं सोडावं आणि ते माशाजवळून कसं जातं ते बघावं. भुसा पटकन भिजून बसला. कागदाचे कपटे एकमेकांना चिकटले. खोलीवर आईनं दिलेल्या ज्वारीच्या लाह्या होत्या, पंचमीच्या उरलेल्या. लाही हलकी, पांढरी, काचेतून स्वच्छ दिसणारी. मी मूठभर पन्हळीत सोडल्या आणि सरांना बोलवायला गेलो. सर येईपर्यंत एकही लाही शिल्लक नव्हती. कोळशी काचेजवळ येऊन तोंड उघडून उभ्या होत्या, आणखी मिळेल म्हणून.

रानातल्या नदीतला मासा असा वागत नाही. हे मासे घाटावरचे होते, देवाला आलेल्या माणसांनी लाह्या-चुरमुरे घालून लाडावलेले. घाटावर जाळं टाकायचं नाही असा त्या गावचा नेम होता. पुढच्या खेपेला मी मामाला विचारलं, तर तो म्हणाला की घाटावरचे नव्हेत, घाटाखालचे. मासा कुठून कुठं फिरतो ते आपण कसं सांगणार. सर हसून लोटपोट झाले आणि नंतर कित्येक दिवस मला ‘लाह्या’ म्हणायचे. मला ते फारसं आवडत नसे.

मग सरांनी विहिरीत टाकायचं जांभळं औषध आणवलं. त्याचं पाणी एका बारीक नळीतून प्रवाहात सोडलं की जांभळी रेघ तयार होते आणि वाहत्या पाण्याबरोबर जाते. त्या रेघेनं काम केलं. मासा मधोमध पोहत असला की रेघ त्याच्या डोक्यापाशी दुभंगायची, अंगालगत सरळ जायची आणि शेपटीमागं तिच्या गाठी-गाठी व्हायच्या. पाणी वाढवत नेलं की मासा आधी जोर करायचा, मग थकायचा, मग मागच्या जाळीवर जाऊन आदळायचा. गुळगुळीत तळाच्या फटीतून तो वर चढणार नाही हे आम्ही पुन:पुन्हा पाहिलं. त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. घरी काय सांगायचं हे कळत नव्हतं.

पन्हळीच्या तळाला एक वीट आधीच्या कुठल्यातरी प्रयोगातली तशीच राहिली होती. ती काढायची म्हणून मी पंप बंद करायला निघालो तर सरांनी हात धरला. एक कोळशी विटेच्या मागं जाऊन थांबली होती. शेपटी जेमतेम हलत होती. जांभळी रेघ विटेवरून पुढं जाऊन खाली वळायची आणि उलट विटेकडे परत यायची. वरून पाणी सुसाट चाललेलं आणि विटेमागं पाणी उलटं वाहतंय, त्यात मासा निवांत. जरा वेळानं दम खाऊन ती विटेच्या कडेनं निसटली आणि वर गेली. आम्ही दुसरी वीट पुढं ठेवली, जरा बाजूला. मग तिसरी. वीट ते वीट करत मासा पन्हळ चढून गेला. नळी विटेमागं धरली तेव्हा पाणी तिच्यात चढलंच नाही. सरांनी खुर्ची काचेजवळ ओढून घेतली.

साताऱ्याचे साहेब आले, त्यांनी मासा चढताना पाहिला, पुन्हा एकदा दाखवा म्हणाले, पुन्हा पाहिला. फटीच्या तळाला मोठाले दगड आळीपाळीनं डावे-उजवे बसवायला खर्च फार येणार नव्हता, दगड तिथंच पडलेले होते. साहेबांनी होकार दिला. मी घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोहोचली होती आणि आबांनी जुन्या जाळ्याला नवे शिशाचे मणी लावायला घेतले होते. त्या दिवशी मला स्वत:चा जितका अभिमान वाटला तितका पुढं कधीच वाटला नाही.

बंधारा पुरा झाला. पुढच्या पावसाळ्यात नदी तांबडी झाली. आबा आणि वस्तीतले सगळे आपापल्या जागी जाळी घेऊन बसले. काही आलं नाही. आली ती बोटभर चिल्लर. आई सांगलीला सांगावा पाठवायची की मासा चढंना, तुझी फट बुजली का बघ. मी रजा काढून आलो आणि घरी न जाता आधी बंधाऱ्यावर गेलो.

फट बुजलेली नव्हती. फट उत्तम चालू होती. नदीभर पसरून येणारा सगळा मासा आता तेवढ्या एका तोंडाशी गोळा होत होता आणि त्या तोंडाशी मामाची सगळी वस्ती झोळीची जाळी घेऊन उभी होती. मामा मला पाहून केवढा खूश झाला. त्यानं सगळ्यांना ओरडून सांगितलं की हाच आमचा भाचा, यानंच ही फट ठेवायला लावली. वस्तीनं मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. त्यानं जाळ्यातला सगळ्यात मोठा खडस मासा, सोनेरी खवल्यांचा, माझ्या हातात दिला आणि दाजींना दे म्हणाला. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. फटीचं खालचं तोंड खडकाच्या खाली होतं आणि खडकाच्या खालचं पाणी त्यांचं होतं.

खडस घेऊन मी घरी आलो. आबांनी तो उचलून वजन पाहिलं आणि आईकडे दिला. मी म्हणालो की साहेबांना सांगतो, फटीपाशी जाळं टाकायला बंदी करतील, पाटी लावतील, पोलीस येईल. आबा माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला.

“सरकार भिंत घालून गेलं तेवढं बास झालं. आता आमच्या हद्दीतबी त्याला बोलवू नगंस. आज खालच्यांना हुसकलं तर उद्या आमाला हुसकंल.”

मग तुम्हीच मामाशी बोला, असं मी म्हटलं. तेही त्यांना मान्य नव्हतं. दुसऱ्याच्या पाण्यातलं मागायचं नसतं. एकदा मागितलं की हद्द राहत नाही. बापजाद्यांपासून कुणी मागितलं नव्हतं आणि सोयऱ्याकडे तर मुळीच नाही. आईनं खडसाचं कालवण केलं. आबांनी ते खाल्लं, चांगलं झालंय म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी घराची कौलं मोजायला चढले. घर मोडायचं तर कौलं विकता येतात.

त्या दिवाळीला मी घरी होतो. भाऊबीजेला दरवर्षीप्रमाणे मामा आला, नवा पटका बांधून. त्या वर्षी त्यांच्या वस्तीत पैसा खेळत होता. आईनं पाट मांडला, रांगोळी काढली, त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. मामानं तबकात लुगडं ठेवलं, इरकली, चांगल्या रुंद काठाचं. आईच्या अंगावरच्या लुगड्याला तेव्हा दोन ठिकाणी ठिगळं होती. तिनं नवं लुगडं उचललं, नीट घडी केली आणि मामाच्या मांडीवर परत ठेवलं.

“दादा, लुगडं ऱ्हाऊ दे. वर्साचं नवं पाणी तांबडं हाय तवर फटीत जाळं टाकू नगंस. ह्येच मला ओवाळणी दे.”

मामाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आबा उठून दाराबाहेर गेले. त्यांना ते ऐकायचं नव्हतं, पण ते लांबही गेले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिलेले मला दिसत होते. मामानं आधी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. मग म्हणाला की वस्तीची पोरं ऐकायची नाहीत. आई म्हणाली की पोरं तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, मला माहीत आहे. मग तो चिडला. ओवाळणी बहिणीला देतात, दाजींच्या जाळ्याला देत नाहीत, असं म्हणाला. हा घाव आबांच्या नावानं होता आणि तो भिंतीपलीकडे पोहोचला असणार.

आई तबक हातात धरून तशीच उभी राहिली. “मी खडकाच्या खालचीच हाय,” ती म्हणाली. “माझ्या बापाच्या पाण्यातलं मागतीया. त्येंच्यासाठी न्हाई.”

शेवटी मामानं लुगडं पिशवीत घातलं. रागानंच घातलं. “बरं,” म्हणाला, “दिलं. मग ह्ये घिऊन जातो.” आणि खरोखरच घेऊन गेला. जेवलासुद्धा नाही. मला वाटलं, हा शब्द काही टिकत नाही.

टिकला. पुढच्या वर्षी पाणी तांबडं झालं तेव्हा मामा स्वत: काळ्या खडकावर घोंगडं पांघरून बसायचा, हातात काठी घेऊन. त्याच्याच वस्तीतली पोरं फटीकडे फिरकली की शिव्या देऊन हाकलायचा. आमच्या वस्तीकडे मात्र बघायचा नाही. मी बंधाऱ्यावर उभा राहून फटीत डोकावलो. काचेतून जे मी इतक्या वेळा पाहिलं होतं त्यातलं काही म्हणता काही दिसलं नाही, पाणी गढूळ होतं. मासा दगडामागं थांबतो की नाही, कुठल्या बाजूनं चढतो, काही कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी आबांचं जाळं वर आलं तेव्हा त्यात खडस होते, कोळशी होत्या, एक मरळही होती. आबा काठावर बसले आणि चिलीम पेटवायला त्यांना काडी सापडेना. त्यानंतर कौलांचा विषय घरात निघाला नाही.

मामा पुढं दर भाऊबीजेला येत राहिला, पण रिकाम्या हातानं. ओवाळणी दिलेली आहे, दुसरी कशाची, असा त्याचा हिशेब. आई ओवाळायची, तबक तसंच उचलायची. शेजारच्या बायका विचारायच्या की भावानं काय घातलं, तर ती सांगायची, मिळालं की, आणि कामाला लागायची. तिला त्याचं काही वाटत नाही असं मी धरून चाललो होतो.

दशक संपत आलं होतं त्या दिवाळीला मामाचा राग निवला. आमची भांडणं अशीच निवतात, कधी ते कळत नाही. तो आला, पाटावर बसला, आईनं ओवाळलं, आणि त्यानं पिशवीतून लुगडं काढून तबकात ठेवलं. तेच होतं की तसलंच दुसरं, मला ओळखता आलं नाही. काठ तसाच रुंद होता. “घे गं,” तो म्हणाला, “जुनं समदं इसरून जा.”

आईनं ते उचललं. काठावरून बोटं फिरवली, उलगडून पदर पाहिला, पाठीमागून धागे कसे आहेत ते पाहिलं. ती इतका वेळ ते हातात धरून उभी राहिली की मला बघवेना. मग तिनं पहिल्यासारखीच घडी केली आणि मामाच्या मांडीवर ठेवली.

“काठ लय चांगला हाय,” ती म्हणाली. “वैनीला दे. मी ह्ये घेतलं तर पाणी जाईल.”